०.०२ सेकंदाचं करायचं काय?

प्रश्न: माझ्याकडे सोनीचा आरएक्स१०० मालिकेतला तिसरा कॅमेरा आहे, २०१४ सालचं मॉडेल. मुलगी पाच वर्षांची झाली आणि एका जागी उभं राहणं तिनं सोडूनच दिलंय. निम्म्याहून जास्त फोटो फुकट जातात, आणि घरात संध्याकाळी काढलेले तर बघवत नाहीत. त्याच मालिकेतल्या सातव्या मॉडेलचा फोकस ०.०२ सेकंदात लागतो असं वाचलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. रोज रात्री त्याचीच परीक्षणं बघत बसतो. मित्र म्हणतो, घ्यायचाच तर फुजीफिल्मचा एक्स१०० सहा घे. बायको म्हणते, आहे तो आधी नीट वापर. सोबत तीन फोटो जोडतोय. नवा कॅमेरा घेऊ का? आणि घ्यायचा ठरला तर जुना आत्ताच विकून टाकू का? नंतर त्याला कोण विचारणार?
— पळत्यापाठी

उत्तर: नमस्कार. फोटो जोडलेत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर ‘जुन्या कॅमेऱ्याचा फोकस सावकाशच असायचा’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. तिन्ही फोटो मोठे करून पाहिले, त्यांच्यासोबत साठवलेले शटर स्पीड, ॲपर्चर वगैरे तपशीलही वाचले. तीन फोटोंना तीन निरनिराळे आजार झालेत. तुमच्या मनात बसलेलं ०.०२ हे औषध त्यांतल्या एकाला लागू पडेल, तेही आकड्यामुळे नाही.

पहिला फोटो घरातला, संध्याकाळचा. मुलगी सोफ्यासमोरून आडवी पळत चाललीय. सोफ्यावरच्या उशीची शिवण टाक्यासकट दिसते. तिचा चेहरा मात्र ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा फराटला आहे, आणि एका हाताचे दोन झालेत. उशी आणि मुलगी कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे फोकस अगदी बरोबर जागी होता. शटर १/४० सेकंद उघडं राहिलं. पाच वर्षांचं मूल घरातल्या घरात पळालं तरी सेकंदाला दोन मीटर सहज काटतं. १/४० सेकंदात ते झाले पाच सेंटीमीटर. तिच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत साधारण तेवढंच अंतर असतं. फोकस शून्य सेकंदात लागला असता तरी हा फोटो असाच आला असता. जगातला कुठलाही ऑटोफोकस याला काही करू शकत नाही, कारण बिघाड तिथे नाहीच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

दुसरा फोटो मैदानावरचा. ऊन आहे, झूम पूर्ण ताणलेला, शटर १/१०००. मागच्या झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ, आणि मुलगी मऊ. इथे फराटा कुठेच नाही. ती सगळीकडून सारखीच धूसर आहे. हा खराखुरा चुकलेला फोकस. कॅमेऱ्याला पूर्ण चौकट मोकळी दिली होती आणि त्यानं झाड निवडलं.

तिसरा उडीचा. फोटो स्वच्छ आहे, पण उशिरा आलाय. केस अजून हवेत आहेत आणि पाय जमिनीला टेकलेत.

पुढच्या वेळी फोटो बिघडला की लगेच कॅमेऱ्याला बोल लावू नका, आधी तो मोठा करून बघा. हलणारी वस्तू एका दिशेनं ओढल्यासारखी आणि बाकी सगळं जागच्या जागी, तर शटर कमी पडलं. सगळी चौकटच एका दिशेनं ओढलेली, तर तुमचा हात हलला. मुलगी मऊ आणि तिच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी धारदार, तर फोकस चुकला. सगळं नीट आणि क्षण मात्र गेलेला, तर उशीर झाला. नवा ऑटोफोकस घेऊन यांपैकी मुख्यतः तिसऱ्या प्रकारात फरक पडतो, थोडा शेवटच्यात. बहुतेकांच्या घरात जे फोटो वाया जातात ते पहिल्या प्रकारचे असतात, आणि दोष मात्र फोकसच्या माथी जातो.

आता त्या ०.०२ कडे येऊ.

हा आकडा खोटा नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक तळटीप असते, ती जाहिरातीपेक्षा जास्त प्रामाणिक असते. त्यात असं असतं: मोजणीची पद्धत सीपा या जपानी कॅमेरा उत्पादक संघटनेच्या मानकाला धरून, पण मोजणी कंपनीनं स्वतः केलेली, लेन्स वाइड टोकाला (म्हणजे झूम अजिबात न ताणता), फोकस चौकटीच्या मधोमध, आणि उजेड ईव्ही या मापात १४ च्या वर, म्हणजे जवळजवळ भर उन्हाचा. तुमच्या पहिल्या फोटोतल्या आकड्यांवरून हिशेब केला तर त्या खोलीतला उजेड ईव्ही ५ च्या आसपास निघतो. ईव्ही एकानं उतरला की उजेड निम्मा होतो. म्हणजे तो आकडा जिथे मोजला त्याच्या कित्येक शेकडो पट कमी उजेडात तुम्ही मुलीमागे पळताय. शिवाय ‘सर्वांत वेगवान’ म्हणताना सोबत वर्गही सांगितलेला असतो: एक इंची सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चिप), न बदलता येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत, अमुक महिन्यापर्यंत. वर्ग लहान केला की पहिला नंबर मिळवणं सोपं जातं.

या आकड्यांची शिडीच बघा. २०१० साली फुजीफिल्मनं एफ३०० ईएक्सआर या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सरवरच फेज डिटेक्शन ही फोकसची पद्धत (ती काय ते पुढे सांगतो) आणली आणि ०.१५८ सेकंद सांगितले. दशांशानंतर तीन आकडे! २०१३ साली एक्स१०० एस आला तेव्हा ०.०८. सोनीच्या तुमच्याच मालिकेत २०१६ च्या पाचव्या मॉडेलला ०.०५, २०१८ च्या सहाव्याला ०.०३, २०१९ च्या सातव्याला ०.०२. प्रत्येक पायरीला लोकांना आधीचा कॅमेरा अचानक मंद वाटू लागला. काल चालत होता तो आज चालेनासा झाला, आणि मधल्या रात्रीत कॅमेऱ्यात काहीच बदललं नव्हतं. अलीकडे कंपन्या सेकंदांचा गजर कमी करतात. आता कॅमेरा माणूस, पक्षी, मोटार ओळखतो हे सांगतात. शिडी दुसऱ्या भिंतीला लावलीय, एवढंच.

पाचव्याच्या ०.०५ आणि सातव्याच्या ०.०२ मध्ये फरक ०.०३ सेकंदाचा. सेकंदाला दोन मीटरनं पळणारी मुलगी तेवढ्यात सहा सेंटीमीटर पुढे जाते. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात ती चाळीस सेंटीमीटर गेलेली असते. खर्च सहा सेंटीमीटर वाचवण्यासाठी, आणि चाळीस तुमच्याच बोटात अडकलेले.

तुमच्या तिसऱ्या फोटोचं उत्तर इथेच आहे. लहान मूल वीसेक सेंटीमीटर उंच उडालं तर वर पोचायला ०.२ सेकंद आणि खाली यायला ०.२. पाय सुटताना बघून तुम्ही बटण दाबायला घेतलंत की बोट पूर्ण दाबलं जाईपर्यंत ती नेमकी सर्वांत वर असते. त्याच घटकेला कॅमेऱ्यानं फोटो घेतला तर काम फत्ते. पण बटण एका दमात पूर्ण दाबलं तर तो फोकस तेव्हा शोधायला लागतो, आणि तोवर ती खाली. म्हणून ती उडी मारायच्या आधीच, जिथे उभी आहे तिथे, बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि उडी सुरू झाली की पुढचं अर्धं दाबा. तुमच्या कॅमेऱ्यात स्पीड प्रायॉरिटी नावाचा सलग फोटोंचा प्रकार आहे, सेकंदाला १० फोटो. त्यात फोकस पहिल्या फोटोला पक्का होतो, आणि इथे आपल्याला नेमकं तेच हवंय. बोट दाबलं जाईपर्यंत उडीचे ०.२ सेकंद गेलेले असले तरी उरलेल्या ०.२ सेकंदांत दोन फोटो हवेतले मिळतील.

पहिल्या फोटोसाठी वरची चकती एस वर न्या, शटर १/२५० ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा आणि त्याची वरची मर्यादा ३२०० करा. त्या फोटोत आयएसओ ४०० होता. शटर सव्वासहा पट जलद केलं तर आयएसओही तितक्या पटीनं वाढणार, म्हणजे २५००. दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार फोटोत मुलीचं हसू कळतं, फराटलेल्या फोटोत मुलगी कोणाची तेही कळत नाही. त्याहून चांगलं म्हणजे खोलीतले सगळे दिवे लावा आणि खेळ दिव्याखाली सरकवा. उजेड दुप्पट झाला की आयएसओ निम्म्यावर येतो.

आता ज्या गोष्टीकडे तुमचं बहुधा लक्षच गेलं नसेल ती सांगतो. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स वाइड टोकाला एफ/१.८ आहे आणि झूम पूर्ण ताणल्यावर, ७० मिलिमीटरला, एफ/२.८; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. सहाव्या आणि सातव्या मॉडेलमध्ये झूम २०० मिलिमीटरपर्यंत नेला, त्यासाठी लेन्स वाइडलाच एफ/२.८ झाली आणि लांबच्या टोकाला एफ/४.५. एफ/१.८ ऐवजी एफ/२.८ म्हणजे जवळपास अडीचपट कमी उजेड. वरच्याच खोलीत, त्याच १/२५० ला, तुमचा कॅमेरा आयएसओ २५०० मागतो तर सातवा मॉडेल सहा हजार मागेल. म्हणजे ज्या फोटोंमुळे तुमची झोप उडालीय, नेमके तेच या ‘वेगवान’ कॅमेऱ्यात आणखी दाणेदार होणार. परीक्षणात हे लिहिलेलं असतंच, नाही असं नाही. पण ०.०२ च्या ओळीला ठळक टाइप मिळतो आणि एफ/२.८ तपशिलांच्या तक्त्यात पडून राहतो.

मैदानावरच्या फोटोबद्दल मात्र मी नव्या कॅमेऱ्याच्या बाजूनं बोलणार. तुमचा कॅमेरा कॉन्ट्रास्ट पद्धतीनं फोकस करतो. काच जराशी सरकवायची, चित्र अधिक रेखीव झालं का बघायचं, आणखी सरकवायची, रेखीवपणा कमी होऊ लागला की माघारी यायचं. स्थिर वस्तूवर ही पद्धत अतिशय अचूक असते. पण वस्तू पुढे आहे की मागे हे तिला आधी कळत नाही, ते चाचपडूनच काढावं लागतं. अंधारात लेन्स पुढे-मागे होत राहते ते म्हणूनच. फेज डिटेक्शनमध्ये लेन्सच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेली दोन चित्रं ताडून पाहतात. ती एकमेकांपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकलीत त्यावरून काच कुठे आणि किती न्यायची ते थेट समजतं. समोरून धावत येणारं मूल क्षणाक्षणाला अंतर बदलत असतं, तिथे चाचपडणारा मागे पडतो. तुमच्या मालिकेत ही पद्धत पाचव्या मॉडेलपासून आली. सातव्यात माणसाचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहणं बरंच पक्कं झालं. ही सुधारणा खरी आहे, अनुभवाला येते, आणि तिचा ०.०२ शी फारसा संबंध नाही. पहिल्यांदा फोकस किती लवकर लागतो तो आकडा वेगळा, आणि लागलेला फोकस पळत्या मुलावर टिकतो का हे वेगळं. दुसऱ्याला आकडाच नाही, म्हणून ते जाहिरातीत मोठ्या टाइपात येत नाही. पाचव्यातले ३१५ फोकस बिंदू की सातव्यातले ३५७, यावर तर एक मिनिटही घालवू नका.

(जाता जाता: ऑटोफोकस हे मोठ्या, व्यावसायिक कॅमेऱ्यांकडून लहानांकडे झिरपत आलं असा समज असतो. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा हा एक कॉम्पॅक्टच होता, १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. ‘तुम्ही फक्त बटण दाबा’ हे आश्वासन तर त्याच्याही कितीतरी आधीचं, कोडॅकचं १८८८ सालचं.)

तोवर आहे त्या कॅमेऱ्यात मैदानावर काय करायचं? पूर्ण चौकटीचा फोकस बंद करा आणि फ्लेक्सिबल स्पॉट (फोकसची एकच छोटी चौकट) मध्यावर ठेवा, म्हणजे झाड निवडायची मुभाच राहणार नाही. ती सरळ तुमच्या अंगावर धावत येण्यापेक्षा समोरून आडवी जाईल असे उभे राहा. आडव्या धावण्यात अंतर फार बदलत नाही, सरळ येण्यात सगळ्यात जास्त बदलतं. आणि झूमचा मोह आवरा. जवळ जा.

जवळ गेलात की एक जुनी युक्ती चालते, आणि मला वाटतं तुमचा निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. एक इंची सेन्सरची वाइड टोकाची लेन्स प्रत्यक्षात फक्त ८.८ मिलिमीटरची असते. अशा लेन्सला एफ/४ वर दोन मीटरला फोकस लावून ठेवला तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोकस मॅन्युअल करा, कडं फिरवा, पडद्यावर मीटरची पट्टी दिसेल, दोनवर थांबा. ऊन जास्त असेल तर एफ/५.६, मग आणखी मोकळीक. आता कॅमेरा काही शोधत नाही. बटण दाबलं की फोटो. तुमच्या २०१४ च्या कॅमेऱ्याचा फोकसचा वेळ झाला शून्य, आणि हा आकडा कुठल्याच तळटीपेत मावणार नाही. रिकोनं आपल्या जीआर कॅमेऱ्यांत हीच गोष्ट स्नॅप फोकस नावानं बटणावरच दिलीय: बटण एका दमात पूर्ण दाबलं की लेन्स आधी ठरवलेल्या अंतरावर जाते. तिथे सेन्सर मोठा असल्यामुळे तेवढीच मोकळीक मिळवायला एफ/८ लागतं. रस्त्यावर फोटो काढणारी मंडळी या सोयीसाठी त्या कॅमेऱ्यावर जीव टाकतात, आणि वेगाच्या शर्यतीत ती कधी फारशी दिसत नाहीत.

मित्राच्या एक्स१०० सहाबद्दल थोडक्यात. २०२४ चा कॅमेरा, मोठा सेन्सर, ४० मेगापिक्सेल, एफ/२ ची लेन्स, सेन्सर हलवून हाताचा कंप सावरणारी यंत्रणा. देखणा आहे. पण झूम नाही, ३५ मिलिमीटरच्या एकाच दृष्टिकोनात सगळं बसवायचं. कंप सावरणारी यंत्रणा तुमचा हात सावरते, मुलीचे पाय नाही. आतला प्रोसेसर नवा असला तरी लेन्स २०२० च्या एक्स१०० व्ही चीच आहे, आणि फोकस लागण्यात हिशेबाइतकाच वाटा काच सरकवण्याचाही असतो. तो घ्यायचा तर तो आवडला म्हणून घ्यावा. पळत्या मुलीसाठी घेतलात तर तुम्ही आणि मित्र दोघंही अडचणीत याल. या मालिकेतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: २०११ चा पहिला एक्स१०० मंद फोकससाठी बदनाम होता, आणि एक्स१०० एस आल्यानंतर २०१३ मध्ये फुजीनं त्या जुन्या कॅमेऱ्यालाही नवं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, देऊन त्याचा फोकस सुधारला. तुमच्या कॅमेऱ्यासाठी काही अपडेट लावायचं राहिलंय का, ते आधी बघून घ्या. चमत्कार होणार नाही, पण फुकट आहे.

मग घ्यायचा की नाही? आत्ता नाही. महिनाभर वर सांगितलेल्या पद्धतीनं फोटो काढा आणि बिघडलेले फोटो पुसू नका. महिन्याच्या शेवटी ते चार प्रकारांत वाटा: शटर, हात, फोकस, उशीर. घरातले फराटलेले फोटो बहुतेक नाहीसे झालेले दिसतील असा माझा कयास आहे. उरलेल्यांत मैदानावरचे चुकलेल्या फोकसचेच जास्त असतील, आणि ते तुम्हाला खरोखर खुपत असतील, तर पुढच्या कॅमेऱ्याकडे जायला चांगलं कारण आहे. तेव्हासुद्धा सातव्या मॉडेलवर उडी मारू नका. पाचवं मॉडेल किंवा २०१८ ची त्याची पाच-ए ही आवृत्ती आधी बघा, चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं चालेल. लेन्स तुमच्यासारखीच एफ/१.८ ते २.८, आणि फोकस फेज डिटेक्शनचा. घरातला उजेड गमावावा लागत नाही आणि मैदानावर फरक पडतो. डोळा ओळखण्यात ते सातव्याइतकं तरबेज नाही, आणि टचस्क्रीनही नाही. पण तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यालाही ती नाहीच, तेव्हा सवय मोडायचा प्रश्न नाही. २०० मिलिमीटरचा झूम तुम्हाला खरोखरच हवा असेल, मुलगी उद्या मोठ्या मैदानावर लांबून खेळणार असेल, तर सातव्याची बाजू भक्कम होते. तुमच्या पत्रात लांबच्या झूमचा उल्लेख एकदाही नाही.

कुठलाही घ्या, घेण्याआधी हातात धरून बघा, आणि खिडकीजवळच्या लख्ख उजेडात नाही. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळा, सोबत आलेल्या कुणाला तरी तुमच्या दिशेनं भराभर चालत यायला सांगा, सलग फोटो काढा आणि तिथेच मोठे करून किती डोळे स्पष्ट आलेत ते मोजा. दुसरं म्हणजे कॅमेरा बंद असताना खिशातून काढून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. पोटात गेलेली लेन्स बाहेर यायला जो वेळ लागतो त्यापुढे फोकसचे शतांश किरकोळ असतात, आणि मुलं नेमकी तेव्हाच काहीतरी करतात.

रात्रीच्या परीक्षणांबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात कॅमेऱ्यापेक्षा तीच जास्त जाणवली. परीक्षक तो कॅमेरा थोडे दिवस वापरतो आणि आधीच्या मॉडेलशी ताडून बघतो. त्याचं कामच ते. तुम्ही तुमचा कॅमेरा कशाशीच ताडून बघत नाही, तो कपाटात आणि नवा पडद्यावर. ही झुंज बरोबरीची नाही. महिनाभर परीक्षणं बंद ठेवून तो वेळ कॅमेऱ्याचा मेनू समजून घेण्यात घालवलात तर बायकोचं म्हणणंही राहील. त्यांचं म्हणणं मला पटलंय, हे त्यांना जरूर सांगा. पण त्या ‘काहीच नको’ म्हणत नाहीयेत, ‘आधी’ म्हणतायत, हेही ऐकून घ्या. आणि महिन्यानंतर काहीच कारण उरलं नाही, तरी नवा कॅमेरा निव्वळ हवासा वाटला आणि खर्च झेपत असेल, तर घ्या. हौसेला पुरावा लागत नाही. फक्त मुलीच्या फोटोंच्या नावावर तो खर्च लिहू नका.

जुना आधी विकण्याचं म्हणाल तर नको. तो विकलात की नवा घेण्याची घाई सुरू होते आणि मग मिळेल ते मॉडेल मिळेल त्या दुकानातून घेतलं जातं. नवा आणलात तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही कॅमेरे एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत, एकाच मुलीवर चालवा. शटर दोघांनाही १/२५०. फोटो पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि कुठला कुणाचा हे न सांगता बायकोला निवडू द्या. त्यांनी निवडलेला ठेवा, दुसरा परत करा किंवा विका.